लोकरीचा वाडगा

नागपूरचा उन्हाळा साऱ्या देशाला ठाऊक आहे. थंडी फक्त नागपूरकरांना. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि धरमपेठेतील जुन्या माणसांच्या बोलण्यात ती रात्र आजही येते. गोंदिया जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंग वसाहतीचे तिबेटी विक्रेते हिवाळ्यात स्वेटरांची दुकाने मांडतात, तरी काही घरांत अजून सुया निघतात. धरमपेठेतील अशाच एका घरात ७४ वर्षांच्या आजी दरवर्षी कार्तिकी पौर्णिमा झाली की लोकरीची पेटी उघडतात. नात्यात जिथे बाळ येणार असेल तिथे टोपरे आणि पायमोजे त्यांच्याकडूनच जायचे, हा त्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा रिवाज.

गेल्या हिवाळ्यात हा रिवाज मोडण्याच्या बेतात आला. कारण अगदी क्षुल्लक होते. विणताना लोकरीचा गोळा मांडीवरून घसरे, फरशीवर घरंगळत जाई आणि दिवाणाखाली शिरे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आजींना वाकता येत नाही. प्रत्येक वेळी सुनेला किंवा नातवाला हाक मारायची, हे त्यांच्या स्वभावात बसेना. एकदा स्वतःच वाकायला गेल्या आणि तोल जाऊन पडल्या. इजा किरकोळ होती, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी बंद केली आणि किल्ली सुनेच्या हाती दिली. घरात कोणी काही बोलले नाही. नातवाला मात्र ते लागले.

विणणाऱ्यांसाठी एक खास भांडे मिळते, हे त्याला शोधाअंती कळले. दिसायला साधा खोलगट वाडगा. फक्त त्याच्या काठापासून खाली उतरणारी आणि शेवटी आकड्यासारखी वळणारी एक खाच कोरलेली असते. गोळा वाडग्यात बसतो, धागा खाचेतून बाहेर येतो. धागा ओढला की गोळा आतल्या आत फिरतो, उडी मारून बाहेर येत नाही. धाग्याला ताणही एकसारखा मिळतो, म्हणून टाके कुठे सैल, कुठे घट्ट असे होत नाहीत. वाडगा चिनी मातीचा असतो तसा लाकडाचाही. चिनी मातीचा हातातून पडला तर संपला, तेव्हा नातवाने लाकडाचा ठरवला. यंत्रावर घाऊक बनलेले वाडगे घरपोच मिळत होते, पण त्याला आजीच्या हाताच्या मापाचा हवा होता.

मराठीत या कामाला किती सुंदर शब्द आहे! सूत कातणे आणि लाकूड कातणे, दोन्हींसाठी एकच क्रियापद. जुन्या मराठीत खरादावर लाकूड उतरवणारा तो कातारी आणि त्याच्या हातचे ते कातीव काम. संस्कृतातील कृत् धातूलाही कापणे आणि सूत कातणे असे दोन्ही अर्थ आहेत. विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे खराद आणि खरादी हेच शब्द रूढ आहेत, म्हणून पुढे तेच वापरले आहेत.

खरादी शोधायला नागपुरात फार फिरावे लागत नाही. शहराच्या पूर्वेला लकडगंज आहे; नावातच लाकूड. आरागिरण्या, सागाच्या थप्प्या आणि ओल्या भुशाचा वास ही त्या भागाची ओळख. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, त्या काळापासून येथील साग ‘सी.पी. टीक’ म्हणून देशभर विकला जातो. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही साग नागपूरहूनच गेला. अशा बाजारात सहा इंची वाडग्याचे गिऱ्हाईक म्हणजे किरकोळातले किरकोळ. तरी एका वयस्क खरादीने काम घेतले. आयुष्यभर त्याने पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे आणि लाटणी उतरवली होती.

नातवाने घरी येऊन आनंदाने सांगितले, तेव्हा आजींचा पहिला प्रश्न होता, “लाकूड कोणत्या झाडाचं?” दुसरा, “त्यावर चकाकी कशाची देणार?” आणि तिसरा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, की मुळात लोकर तरी कुठली आपल्या नेमात बसते?

हे प्रश्न हौसेचे नव्हते. श्रावकाच्या सातव्या व्रतात, म्हणजे भोगोपभोग परिमाण व्रतात, पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणात ती यादी येते, आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्या प्रत्येकाचा उलगडा केला आहे. आजींनी हे सारे वर्षानुवर्षे प्रतिक्रमणात म्हटलेले. त्यांच्या हिशेबाने हा एक वाडगा तीन कर्मादानांच्या उंबरठ्याला स्पर्श करत होता. झाड तोडून लाकडाचा व्यापार हे वनकर्म. लाखेचा व्यापार हे लाक्षावाणिज्य. आणि लोकर? पुष्कळांना वाटते की ती केशवाणिज्यात मोडते. हेमचंद्राचार्यांची मांडणी निराळी आहे. केशवाणिज्य म्हणजे द्विपाद-चतुष्पाद जीवांची विक्री. तर दात, केस, नखे, हाडे, कातडी आणि रोम हे त्रस जीवांचे अवयव व्यापारासाठी मूळ ठिकाणाहून गोळा करणे, हे दंतवाणिज्य. लोकरीचा विचार करायचा तो या सदरात.

नातू वाणिज्य शाखेचा पदवीधर. तो म्हणाला, “आजी, कर्मादान धंद्याला लागतं. आपण काही लाकडाची वखार घालत नाही.”

“धंदा एकट्या दुकानदाराचा असतो का रे?” आजी म्हणाल्या. “खातेवहीत समोरच्या पानावर गिऱ्हाईकाचं नाव असतंच.”

जमा-नावे जाणणाऱ्या घरात या उत्तरावर फार वाद होत नाही.

पहिला प्रश्न सुटला तो घराच्या जुन्या इतिहासामुळे. धरमपेठेतील बैठे बंगले एकेक करून पाडले जात आहेत आणि त्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. या कुटुंबाचाही बंगला काही वर्षांपूर्वी पाडला गेला. त्याच्या देवघराच्या दाराची सागवानी चौकट कोणालाच टाकवेना, म्हणून ती वाहनतळाच्या कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. पाच इंच बाय चार इंच जाडीचे लाकूड, पन्नास वर्षांहून अधिक मुरलेले. नवे झाड तोडायला नको, आणि लाकूड वाळण्याची वाट पाहायलाही नको. ओल्या लाकडाचा वाडगा उतरवला तर तो वाळताना आक्रसून लांबट होतो. म्हणून जाणकार कारागीर तो आधी जाडसर उतरवून काही महिने ठेवतात आणि मग दुसऱ्यांदा खरादावर चढवतात. चौकटीच्या लाकडाने ते सारे महिने आधीच भोगले होते.

अर्थात जुन्या लाकडाच्या पोटात जुने खिळे असतात. खिळ्यावर पटाशी बसली तर धार जाते, आणि फिरत्या लाकडातून तुकडा उडाला तर डोळा जाऊ शकतो. खरादीने लोहचुंबक फिरवून बिजागरीचे दोन मोडके स्क्रू शोधून काढले. सागातील द्रव्यांशी लोखंडाचा संयोग होऊन त्यांच्याभोवती काळे डाग पडले होते. तेवढा भाग कापून टाकला. आजींच्या सांगण्यावरून नातवाने तुकडे उन्हात ठेवून आपटून पाहिले, कुठे कीड तर नाही ना. साधू-साध्वींचे पडिलेहण रोज पाहिलेल्या डोळ्यांना यात नवल वाटले नसावे.

चौकटीची रुंदी वाडग्याला पुरेना, म्हणून सात इंची दोन तुकडे शेजारी-शेजारी सांधावे लागले. इथेही एक प्रश्न आपोआप मिटला. पूर्वी सुतार सरस वापरीत, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडे उकळून काढलेला चिकटा. १९५९ मध्ये फेविकॉल आले आणि रोज सरस उकळण्याचे काम संपले. त्या बदलाने किती घरांच्या फर्निचरातून हाडांचा चिकटा हद्दपार झाला, याची नोंद आपल्या समाजाने कधी घेतल्याचे आठवत नाही. साग तेलकट असतो, म्हणून सांधण्यापूर्वी पृष्ठभाग थिनरने पुसला, मग शिकंजात आवळून रात्रभर ठेवले.

ठोकळ्याचे कोपरे आरीवर उडवून तो गोलसर झाला, की एका बाजूला लोखंडी तबकडी स्क्रूने बसवून खरादावर चढवतात. सुरुवातीला फेरे कमी, मिनिटाला पाचशेच्या आसपास, कारण ओबडधोबड ठोकळा थरथरतो. गोल पटाशी टेकणीवर धरून बाहेरचा आकार बुडाकडून काठाकडे न्यायचा, पोट पोखरताना मात्र काठाकडून मध्याकडे यायचे. ही दिशा चुकली की लाकडाचे तंतू उचकटतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. बाहेरून आकार आला की बुडाला एक छोटा खुंट ठेवतात, ठोकळा उलटा करून तो खुंट चकात पकडतात आणि आतील पोकळी काढतात. सागात वाळूचा अंश असतो. त्यामुळे पटाशीची धार लवकर बसते, आणि खरादीला एका वाडग्यासाठी अनेकदा सहाणेकडे जावे लागले. सागाची भुकटी नाकातोंडात गेली तर त्रास होतो, म्हणून तोंडाला फडके.

माप आजींच्या गोळ्यावरून घेतले होते: तोंड सहा इंच, उंची साडेतीन, काठाची जाडी एक सेंटिमीटर. बूड मुद्दाम जाड ठेवले, कारण हलका वाडगा धाग्याच्या ओढीने सरकतो. आत कुठेही कोपरा नाही. बुडापासून काठापर्यंत एकच वळण. गोळा फिरायला ते लागतेच, आणि कोपरा नसला की लोकरीला लागणाऱ्या कसरीला अंडी घालायला आडोसाही राहत नाही. आजी लोकरीत डांबरगोळ्या घालत नाहीत. वाळलेला कडुलिंब घालतात आणि महिन्यातून एकदा ऊन दाखवतात.

पहिला वाडगा फुकट गेला. खरादीने आयुष्यात कधी वाडग्याला खाच पाडली नव्हती. खाचेच्या शेवटी येणारे भोक त्याने ड्रिलने पाडले, काठापासून सरळ खाली बारीक करवत उतरवली, वळण घेतले आणि पॉलिश पेपर फिरवताना खाचेलगतची जीभ टचकन तुटली. चूक हाताची नव्हती, तंतूंच्या दिशेची होती. चौकटीचे तंतू वाडग्याच्या बाजूने आडवे जात होते आणि जीभ उभी कापली गेली. आडव्या तंतूंवर उभी जीभ म्हणजे बिस्किटासारखी ठिसूळ. काम अर्ध्यावर टाकून तो उठला आणि नातवाला म्हणाला, “भाऊ, याचे पैसे घेत नाही मी. दुसरा करतो.” दुसऱ्या वेळी त्याने आधी तंतू पाहिले. ते जिथे काठाला समांतर धावतात ती बाजू निवडली आणि खाच काठालगत आडवी-तिरपी नेली, जेणेकरून जीभ तंतूंच्या दिशेने पडली. सांध्याची रेघ तिथून पाव फेरा दूर राहिली. मग ऐंशीपासून चारशे नंबरापर्यंतचे पॉलिश पेपर. खाचेच्या कडा तर त्याने सुती धागा पुन्हा पुन्हा ओढून तपासल्या. कुठे एक तूस जरी अडकले, तरी थांबून घासले.

आता चकाकी. खरादावरच्या कामाला लाख ही जवळजवळ ठरलेली गोष्ट. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी पाहा: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने ती वितळते आणि रंग चढतो. सुतारांचे स्पिरिट पॉलिश म्हणजेही स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडी लाख. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या कीटकांचा स्राव. फांद्या खरवडून ती काढताना त्यांतील असंख्य जीव मरतात, आणि म्हणूनच ती कर्मादानांत आहे. परदेशातील खरादी वाडग्यांना मधमाश्यांचे मेण लावतात. ज्या घरात मधाचा त्याग आहे, तिथे त्याच पोळ्याचे मेण कसे चालेल?

आजी नातवाबरोबर स्वतः लकडगंजला गेल्या. खरादीने खुर्ची पुसून दिली.

“भाऊ, लाख नको. मेणही नको.”

“मग आजी, चमक नाही येणार.”

“न येवो. जवसाचं तेल लावता येईल का?”

खरादी क्षणभर थांबला. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांना जवसाचे तेल पाजत, हे त्याला आठवले. विदर्भात जवस काही दुर्मीळ नाही. “लावतो,” तो म्हणाला, “पण हप्ताभर ठेवून जा. वाळलं नाही तर लोकरीला डाग पडतील.”

जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, नुसते उडून जात नाही. म्हणून पातळ हात द्यायचा, जास्तीचे पुसायचे, एक-दोन दिवस थांबून दुसरा हात. तेलाने भिजलेले बोळे मात्र चुरगाळून ढिगात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. भुशाने भरलेल्या दुकानात तर हे फारच जपावे लागते. ते पसरून वाळवावेत. घरी फर्निचरला तेल लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

खरादाच्या लाकडाशी जैन घरांचे नाते जुने आहे. आचारांग सूत्रात पात्रैषणा नावाचे प्रकरणच आहे. भोपळ्याचे, लाकडाचे किंवा मातीचे पात्र साधूला कल्पते. सोन्या-रुप्याचे, पितळेचे, लोखंडाचे नाही. श्वेतांबर साधू-साध्वींची एकात एक बसणारी पात्रे आणि तरपणी खरादावरच उतरतात. दिगंबर मुनी पाणिपात्र. हाताच्या ओंजळीतच आहार घेतात, पण त्यांच्या हातीही बहुधा लाकडी कमंडलू असतो. आणि लोकर? ओघ्याच्या दशा लोकरीच्या, सामायिकात बसायचे कटासणे लोकरीचे, श्रावकाच्या चरवळ्याला लोकरीच्याच दशा. साध्या लाकडाच्या दांडीला बांधलेली लोकर कीटकाला न दुखवता बाजूला सारते, एवढ्याच कामासाठी ती आहे.

तरी आजींचा तिसरा प्रश्न सुटला, असे म्हणता येणार नाही. मेंढी कातरली म्हणजे मरत नाही, हे खरे. पण ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांच्या मागच्या भागाची कातडी कापण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि बाजारातील तलम लोकरीचा धागा कोणत्या मेंढीचा हे वेष्टनावर लिहिलेले नसते. नातवाने अ‍ॅक्रिलिक सुचवले. हाती विणायच्या धाग्यात आज त्याचाच वाटा मोठा. लुधियानाच्या ज्या घराण्यांनी हा धंदा उभारला त्यांत जैन ओसवाल आघाडीवर. ओसवाल वूलन मिल्स १९४९ ची, वर्धमान समूह १९६५ चा. भगवान महावीरांचे नाव असलेल्या धाग्याने देशभरच्या आया-आज्या विणत आल्या आहेत. पण अ‍ॅक्रिलिक हे खनिज तेलातून येते, आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. तिथल्या जीवांचे काय, असे सूनबाईंनी विचारले, तेव्हा जेवणाचे टेबल गप्प झाले. सुताचा धागा निर्दोष वाटतो, परंतु कपाशीवरची फवारणी विदर्भातील माणसाला वेगळी सांगायला नको. शेवटी आजींनी एवढेच ठरवले की पेटीत आहे ती लोकर वाया घालवायची नाही, ती संपेपर्यंत नवी आणायची नाही. पुढचे पुढे.

वाडग्याचा हिशेब नातवाने मांडून ठेवला आहे. लाकूड घरचे. खरादीचे दोन दिवस, कारण फुकट गेलेल्या पहिल्या वाडग्याचा दिवसही त्याने धरला आणि खरादीच्या नकाराला न जुमानता त्याचे पैसे दिले. यंत्रावर घाऊक बनलेल्या वाडग्याच्या तुलनेत हे महागच पडले. नातवाने ती रक्कम घरखर्चात न टाकता स्वतःच्या नावे लिहिली.

वाडगा आता खिडकीजवळच्या खुर्चीशेजारी असतो. सुमारे चारशे ग्रॅम वजन, रंग गडद मधाळ, सांध्याची रेघ नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. चमक खरोखरच नाही. आजी सायंकाळचे सामायिक आटोपून सुया हाती घेतात आणि वाडग्यात गोळा फिरण्याचा खरखर आवाज पुढच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. पेटीची किल्ली सुनेने परत दिली.

चौकटीचा दीड फुटाचा एक तुकडा अजून लकडगंजच्या त्या दुकानात आहे. त्यातून आणखी एक वाडगा नक्की निघेल. धाकट्या जाऊबाई आणि पुण्याची लेक, दोघींनीही तो मागितला आहे, आणि आजींनी अजून कोणालाच हो म्हटलेले नाही.